गाईला मागून बघणाऱ्या डॉक्टरअक्का

डॉक्टरअक्का गोठ्यात शिरल्या की सगळ्यात आधी गाईच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. बाकीची माणसं गाईकडे तोंडाकडून येतात, कपाळावर हात ठेवतात, गळ्याखाली खाजवतात, नमस्कार करतात. अक्कांचं तसं नव्हतं. कमरेवर हात ठेवून त्या आधी शेपटीखाली बघायच्या, मग मांड्यांकडे, मग जमिनीवर पडलेल्या शेणाकडे. आणि हे सगळं झाल्यावर वाटलंच तर पुढे येऊन गाईचं तोंड बघायच्या. "तोंड बघून काय कळणार?" त्या म्हणायच्या. "ही बाई मरेपर्यंत चारा खाणार, डोळे असेच टपोरे ठेवणार. जे काय खरं आहे ते सगळं मागे आहे."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून बेंगळुरूला आले त्या वर्षी. एचएसआर लेआउटमध्ये आम्ही भाड्याचं घर घेतलं होतं आणि मला जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी लागली होती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली असले तरी जिवंत गाय मी फक्त रस्त्यात, स्कूटरला आडवी आलेलीच पाहिली होती. पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की डॉक्टर मॅडमबरोबर नमुने गोळा करायला जायचं. प्रयोगशाळेच्या दारात एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई स्कूटर चालू ठेवून थांबली होती. पन्नाशी उलटलेली, साडीवर मळकट एप्रन, पायात गमबूट, आणि पायाशी थर्माकोलचा बर्फाचा डबा.

"पुण्याची का तू?" त्यांनी मराठीत विचारलं. बेंगळुरूत कुणी आपणहून मराठी बोललं की मला भरून यायचं, पण भरून येऊ द्यायला त्यांनी वेळ ठेवला नाही. "शेणाची किळस येते?"

"नाही."

"खोटं बोलू नको. येईल. मग जाईल. बस मागे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पुणे' झाले. "ए पुणे, स्वल्प बाजूला सर की." "पुणे, सुई दे." माझं नाव त्यांना माहीत होतं, कागदावर त्या ते व्यवस्थित लिहायच्या, पण गोठ्यात मी शेवटपर्यंत एक अख्खं शहर होते.

आम्ही गेलो महादेवपुराला. काचेच्या उंच इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण पोरं, कॅबच्या रांगा. त्या सगळ्याच्या मागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला पत्र्याचा गोठा. तो मुनियम्माचा. आसपासची सगळी शेतं विकली गेली, तळ्याकाठचं गवत कुंपणात गेलं, तरी मुनियम्मा गाई सांभाळून होती. सकाळ-संध्याकाळ त्या इमारतींच्या सावलीत धारा काढायची आणि दूध संकलन केंद्रावर नेऊन घालायची. तिची गौरी नावाची गाय खुंट्याला उभी होती. समोरचा चारा भराभर खात होती, आणि अंगावर हाडं मोजून घ्यावीत अशी दिसत होती. शिंगांना काळा दोरा, गळ्यात लिंबू.

अक्का मागे जाऊन उभ्या राहिल्या. खाली धिरड्याच्या पिठासारखं पातळ शेण पडलं होतं. मग त्या पुढे आल्या आणि गौरीच्या जबड्याखाली हात फिरवला. तिथे पाण्याने भरल्यासारखी मऊ सूज होती.

"नजर लागली हो," मुनियम्मा कन्नडमध्ये म्हणाली. "त्या वरच्या काचांतून दिवसभर लोक बघतात. खाते पोटभर, पण अंगाला लागत नाही."

"नजर नाही मुनियम्मा. हिच्या आतड्याची भिंत जाड झालीय. खाल्लेलं रक्तात उतरतच नाही. हे दुखणं हिला वासरू असताना लागलंय."

"मग औषध द्या."

"औषध नाही."

मी चमकले. इतर डॉक्टर अशा वेळी निदान एखादी पूड, एखादी बाटली देऊन जातात, हे मला नंतर कळलं. अक्कांनी तसं कधी केलं नाही. "खोटं औषध देऊन मी चांगली म्हणवून घेणार नाही," असं त्या तोंडावर सांगायच्या, आणि त्यामुळे खूप लोकांना त्या आवडायच्या नाहीत. मुनियम्मालाही त्या दिवशी आवडल्या नाहीत. पण अक्कांनी तिला विचारत न बसता गौरीचं वासरू सोडलं, गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं, आणि म्हणाल्या, "गौरीला मी वाचवू शकत नाही. या पोरीला वाचवू या. हिच्या तोंडाला आईचं शेण लागलेलं काहीही लागू देऊ नको. भांडं वेगळं, पाणी वेगळं, दूध दुसऱ्या गाईचं." काही आठवड्यांनी गौरी गेली. वासरू मोठं होत होतं, पण त्याला खरंच वाचवलं का हे आणखी काही वर्षं कुणालाच कळणार नव्हतं.

हाच त्या रोगाचा कावा होता. पाठ्यपुस्तकात त्याला परदेशी नाव आहे. अक्का त्याला 'झिजणी' म्हणायच्या. वासरू जन्मतं, शेणाने बरबटलेल्या सडाला तोंड लावतं आणि जंतू आत जातात. पुढे कित्येक वर्षं काहीच घडत नाही. कालवड तुकतुकीत होते, गाभण जाते, विते, दूध देते. तपासणीतसुद्धा सुरुवातीला सापडत नाही. आणि मग केव्हातरी ती झिजायला लागते, तोवर तिच्या शेणातून अख्ख्या गोठ्याला प्रसाद वाटून झालेला असतो. म्हणून अक्कांचं काम आजारी गाईंचं नव्हतंच मुळी. त्या धडधाकट गाईंच्या मागे लागलेल्या असायच्या. ठरावीक महिन्यांनी त्याच गोठ्यात जायचं, त्याच गाईंचं रक्त आणि शेण घ्यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा घ्यायचं.

गोठेवाले वैतागायचे. "गाय ठणठणीत आहे डॉक्टरअक्का, कशाला सुया टोचता?"

"हाडं दिसायला लागल्यावर रस्त्यावरच्या माणसालाही कळतं," अक्का बाही वर सारत म्हणायच्या. "त्याच्या आधी कळावं म्हणून मला पगार देतात. शेपूट धर."

वर्तूरच्या बाजूच्या एका गोठेवाल्याने तर आम्हाला बघून कुत्रं सोडलं होतं. मी स्कूटरवर चढून उभी राहिले. अक्का जागच्या हलल्या नाहीत. कुत्रं जवळ आलं तसं त्यांनी वाकून त्याच्या कानात बघितलं आणि मालकाला ओरडून सांगितलं, "अण्णा, याचा कान सडलाय. आधी हा धुते, मग गाई बघते." कान धुवून झाल्यावर मालकानेच बालदी आणून दिली. असं दर वेळी जमायचं नाही. काही ठिकाणी आम्हाला फाटकातूनच परत पाठवत. मग अक्का पुढच्या आठवड्यात पुन्हा जायच्या. रागावून नाही, आठवण करून देत नाही, पहिल्यांदाच आल्यासारख्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस कंटाळून दार उघडायचा. "आपण त्याच्यापेक्षा जास्त कंटाळवाणं व्हायचं, पुणे," त्या मला समजावायच्या. "अवघड नाही ते. सवय लागते."

अक्का बेंगळुरूच्याच. त्यांचं घराणं कधीतरी चार शतकांपूर्वी मराठी फौजांबरोबर इकडे आलेलं. "आमचे लोक घोड्यांबरोबर आले, मी गाईंबरोबर राहिले," असं त्या म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. बसवनगुडीत थोरल्या भावाच्या घरी राहायच्या. त्याला 'अण्णा' म्हणायच्या आणि त्याच्या बायकोला 'वैनी'. घरात मराठी बोलत, पण ती अशी की पहिले काही दिवस मी नुसतं हसून मान हलवायचे. 'स्वल्प', 'बरं'च्या जागी 'सरी', 'सुम्ने' हे कन्नडमधले शब्द त्यांच्या मराठीत इतके मुरले होते की ते परके आहेत हे मी सांगितल्यावर अक्कांनाच नवल वाटलं. "सुम्ने म्हणजे सुम्ने," त्या म्हणाल्या. "मग पुण्यात उगीच काही करायचं झालं तर काय म्हणतात?"

"उगीच म्हणतात, अक्का."

"सरी. पण सुम्नेमध्ये जी मजा आहे ती उगीचमध्ये नाही."

वैनींनी मागच्या अंगणात त्यांच्यासाठी वेगळी मोरी बांधून घेतली होती. फिरतीवरून आल्या की तिथे आंघोळ केल्याशिवाय अक्कांना घरात प्रवेश नव्हता. त्यांनाही ते मान्य होतं. गमबूट तर त्या एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाण्याआधीही ब्रशने घासून, औषधाच्या पाण्यात बुडवून काढायच्या. कितीही उशीर होवो, कितीही पाऊस असो. "रोग पायांनी चालतो," त्या म्हणायच्या, "आणि ते पाय बहुतेक वेळा डॉक्टरचे असतात."

प्रयोगशाळेत आल्यावर मात्र त्या माझ्या राज्यात असायच्या. मी शेणाचे नमुने काचपट्टीवर पसरून रंग द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. निळ्या पार्श्वभूमीवर ते जंतू गुलाबी काड्यांच्या पुंजक्यांसारखे दिसतात. रोग माहीत नसेल तर सुंदरच म्हणाल. अक्का माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या, बसायच्या नाहीत. "दिसलं?" मी नाही म्हटलं की, "नीट बघ." पुन्हा नाही म्हटलं की, "सरी. आजच्यापुरतं नाही." त्यांच्या तोंडून नुसतं 'नाही' कधी यायचं नाही, 'आजच्यापुरतं' लागलेलंच असायचं.

त्या 'आजच्यापुरतं'वरूनच पुढचं सगळं झालं.

शहराबाहेर एक मोठी गोपालन संस्था होती. नाव घेत नाही. देखणा फार्म, शेकड्यांनी गाई, आणि दर वर्षी एक समारंभ: आसपासच्या गावांतल्या गरीब बायकांना कालवडी दान द्यायच्या. मांडव घालायचा, पाहुणे बोलवायचे, कालवडींच्या गळ्यात झेंडूच्या माळा. त्या वर्षी कळपाची तपासणी आमच्याकडे आली. अक्कांनी फार्मच्या पुढच्या गोठ्यांवरून सरळ चालत जाऊन मागचा गोठा गाठला. तिथे हाडं वर आलेल्या काही गाई मुकाट उभ्या होत्या. अक्का त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि एकेकीच्या शेणाचा नमुना घेत गेल्या. मी त्या गाईंचे नमुने बघितले तेव्हा काचपट्ट्या गुलाबी होत्या.

कालवडी मात्र तपासणीत स्वच्छ निघाल्या. आमच्या मोठ्या साहेबांनी अक्कांना बोलावलं. मी नमुन्यांची माहिती सांगायला म्हणून बरोबर होते.

"कालवडी निगेटिव्ह आहेत ना, मॅडम? मग दाखल्यावर सही करा. समारंभ जवळ आलाय."

"त्यांच्या आया पॉझिटिव्ह आहेत, साहेब. त्या आयांच्या शेणात ही पोरं वाढलीत. या वयात रोग दिसतच नाही. आज निगेटिव्ह म्हणजे आजच्यापुरतं."

"दाखला कालवडींचा आहे, आयांचा नाही."

"त्या ज्या गोठ्यात जातील तिथे दोन-तीनच गाई असतात. एक कालवड तो गोठा संपवेल. काही वर्षांनी. तेव्हा तुमचे पाहुणे नसतील, मीही नसेन."

"तुम्ही सही करणार की नाही?"

"नाही."

साहेब वाट बघत राहिले. बहुतेक माणसं 'नाही' म्हटल्यावर त्याच्या मागे काहीतरी लावतात, कारण देतात, मऊ करतात. अक्का खुर्चीतून उठल्या आणि पंखा बंद होता तो लावून बाहेर आल्या. दाखल्यावर दुसऱ्या कुणीतरी सही केली.

दान घेणाऱ्यांत मुनियम्माही होती. गौरी गेल्यापासून तिची धार निम्मी झाली होती, गोठा अर्धा रिकामा होता. समारंभाच्या आदल्या दिवशी अक्का तिच्याकडे गेल्या, मीही होते. अक्कांनी सगळं सांगितलं. मुनियम्मा शेण थापता थापता ऐकत होती. मग हात थांबवून उभी राहिली.

"गौरी आजारी होती तेव्हा तुम्ही म्हणालात औषध नाही. आता गाय मिळतेय तर म्हणता घेऊ नको. तुम्ही कधी काही द्यायला येता का हो अक्का? नेहमी नाही, नाही, नाही. तुमचं पोट नोकरीवर आहे. माझं यांच्यावर आहे."

अक्कांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. कुत्रं अंगावर आलं तेव्हाही नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "खरं आहे तुझं. घे कालवड. तुझा हक्क आहे. मी आड येणार नाही. फक्त दोरी हातात घेण्याआधी एवढं विचार, हिची आई कशी आहे. विचारायला काही लागत नाही." आणि आम्ही निघालो.

परतताना सिग्नलला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या मी रजा टाकलीय. समारंभाला जाते. तू येऊ नको, तुझं कंत्राट आहे."

"मीपण रजा टाकलीय."

"सरी," त्या म्हणाल्या. "मग डब्यात चित्रान्न आण. तिथे भाषणं फार लांबतात."

समारंभ फार्मच्याच मैदानावर होता. सकाळचं ऊन, लाऊडस्पीकर, मांडवात रंगीत खुर्च्या. अक्का बायकांच्या ओळीत मागे बसल्या. साधी सुती साडी, पायात गमबुटांऐवजी चपला. त्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की संस्थेच्या व्यवस्थापकाने त्यांना ओळखलंच नाही. भाषणं खरंच लांबली. एकेका बाईचं नाव पुकारलं जाऊ लागलं. मुनियम्मा वर गेली. माळ घातलेली तांबूस कालवड तिच्यासमोर आणली. पाहुण्यांनी दोरी पुढे केली, फोटोवाले सरसावले.

मुनियम्माने दोरी घेतली नाही. माईकसमोरच उभी होती, त्यामुळे तिचा आवाज मांडवभर गेला. "हिची आई कशी आहे?"

लोक हसले. पाहुणेही कौतुकाने हसले. व्यवस्थापक म्हणाला, "छान आहे की. फार्मवरच आहे."

"मग दाखवा. मी सून आणतानासुद्धा तिची आई बघूनच आणली."

आता सगळा मांडव हसला, आणि पाहुणे उत्साहात म्हणाले, "दाखवा हो, त्यात काय एवढं! बघू दे तिला." व्यवस्थापकाचं तोंड मात्र उतरलं. तो म्हणाला नंतर, जेवणानंतर. पण तोवर मुनियम्मा पायऱ्या उतरली होती आणि तिच्यामागे ओळीतल्या बायका उठल्या होत्या. त्यांना वाट विचारावी लागली नाही. गाईंमध्ये जन्म गेलेल्या बायका त्या. मागचा गोठा वासाने सापडतो.

मी आणि अक्का मांडवातच होतो. अक्कांनी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू-भाताचा, डबा उघडला होता. बायका परत आल्या तेव्हा कुणी ओरडत नव्हतं. मुनियम्मा सरळ त्या तांबूस कालवडीकडे गेली, तिच्या कपाळावर हात फिरवला, "तुझी काही चूक नाही गं," असं काहीसं पुटपुटली, आणि तिची दोरी मांडवाच्या खांबाला बांधून निघून गेली. मग दुसरीने बांधली. मग तिसरीने. सगळ्यांनीच नाही, दोघी-तिघींनी कालवडी नेल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. घरी दूध नसलं की मनाला काय काय पटतं हे बाहेरून सांगता येत नाही. पण मांडवाच्या खांबांना माळा घातलेल्या कालवडी बांधलेल्या आणि खुर्च्या रिकाम्या, असं ते दृश्य होतं.

चौकशी लागली. मलाही साक्षीला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"तुम्ही एका सेवाभावी संस्थेची बदनामी केलीत," साहेब म्हणाले.

"मी एक शब्द बोलले नाही. मी चित्रान्न खात होते."

"त्या बाईला तुम्ही शिकवून पाठवलंत."

"हो. लोकांना जनावरांबद्दल शिकवणं माझ्या कामातच येतं. हवं तर नियम काढून बघा."

"लेखी माफी द्या, इथेच मिटवू."

"माफी कशाची ते सांगा. रोग सापडला त्याची, की सापडला हे कळलं त्याची?"

साहेब पाणी प्यायले. अक्कांची बढती जवळ आली होती, ती गेली. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला लसींच्या कोठारात टाकलं. शीतपेट्यांचं तापमान बघायचं आणि खोकी मोजायची. गोठ्यांची फिरती बंद. मला वाटलं आता त्या खचतील. बदलीच्या दिवशी त्या आपले गमबूट पिशवीत भरत होत्या. मी म्हटलं, "अक्का, ते आता कशाला लागणार?"

"रविवारी कोठार बंद असतं," त्या म्हणाल्या.

मग रविवार सुरू झाले. ज्या बायकांनी कालवडी नेल्या होत्या त्यांच्याकडे आम्ही जायचो. "मी सांगितलं होतं," हे वाक्य अक्कांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. कालवड मोठी होत असताना त्या तिच्यासाठी वेगळी जागा आखून द्यायच्या, वेगळी गव्हाण, वेगळी बालदी. त्यांतली एक पहिल्या विताच्या पुढेमागे पॉझिटिव्ह निघाली. तिची मालकीण रडायला लागली. अक्कांनी वासरू त्याच तासाला दूर नेलं, बाईच्या हातात दुसऱ्या गाईच्या चिकाची बाटली दिली आणि म्हणाल्या, "रड, पण बाटली वाकडी धरू नको." तो गोठा टिकला.

तिकडे फार्मचंही काही सुरळीत चाललं नव्हतं. बायकांनी दोऱ्या बांधल्याची गोष्ट गावोगाव पोचली आणि त्यांची जनावरं कुणी फुकटसुद्धा घेईना. व्यवस्थापक बदलला. नवा, जरा तरुण माणूस एके दिवशी लसींच्या कोठारात येऊन अक्कांसमोर उभा राहिला. "मॅडम, काय करायचं ते सांगा. आम्ही करतो." मी त्या दिवशी लसी न्यायला गेले होते. मला वाटलं अक्का त्याला जरा तरी ताटकळत ठेवतील. त्यांनी लगेच पिशवी उचलली.

"अक्का, जरा तरी मान ठेवायचा स्वतःचा," मी नंतर कुरकुरले.

"माझा मान घेऊन गाईंना काय करायचंय?"

मग पुढची वर्षं त्या फार्मवर काम चाललं. आजारी गाई मारायचा प्रश्नच नव्हता, तशी परवानगीही नाही आणि अक्कांना ते नकोही होतं. त्यांच्यासाठी दूर वेगळा गोठा, वेगळी माणसं, शेणाचा वेगळा खड्डा. वासरं जन्मताक्षणी उचलायची. ठरावीक महिन्यांनी सगळ्यांची तपासणी. फार्म पूर्ण स्वच्छ झाला असं अक्का कधीही म्हणाल्या नाहीत. पण मागच्या गोठ्यातल्या गाई कमी होत गेल्या आणि नवी भर पडेना. पुढे निवृत्तीच्या वर्षी अक्का मला घेऊन मुनियम्माकडे गेल्या. गौरीची ती वेगळी वाढवलेली पोर आता दोनदा व्यालेली, भरलेल्या अंगाची गाय होती. अक्कांनी नमुना घेतला. मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "काही नाही, अक्का." त्या म्हणाल्या, "मुनियम्माला मी सांगते. तू नको सांगू."

निरोप समारंभ त्यांनी घेतला नाही. "हार नको, गाईला घालतात तसा वाटतो," म्हणाल्या. निवृत्तीनंतरही स्कूटर, डबा आणि रविवार चालूच होते. फक्त आता आठवड्यात रविवार जास्त झाले होते.

गेल्या वर्षी एका सकाळी वैनींनी चहा नेऊन दिला तेव्हा अक्का उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. मी बसवनगुडीला पोचले तेव्हा घरासमोर गर्दी होती आणि ती नातेवाइकांची नव्हती. पदर खोचलेल्या, पायांना माती लागलेल्या बायका, टेम्पोतून, बसमधून, कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आलेल्या. संध्याकाळची धार काढायची वेळ होती. ज्यांनी घरच्या लग्नाकार्यातही धार चुकवली नसेल अशा बायका, त्या वेळी गोठा सोडून आल्या होत्या. वैनी दारात गोंधळून उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना पाय न धुता घरात घेतलं. मुनियम्मा अक्कांच्या पायांशी बसली आणि मोठ्याने भांडल्यासारखी रडली. "शेवटपर्यंत मला काही दिलं नाही हिने," ती म्हणत होती. "काही म्हणजे काही दिलं नाही. सगळं राहू दिलं माझं."

आता प्रयोगशाळेत नवे साहेब आहेत. वाईट नाहीत. महिन्यापूर्वी त्यांनी मला बोलावून विचारलं, "झिजणीची तपासणी अजून कशासाठी चालू आहे? त्या पट्ट्यात बरीच वर्षं नवी केस नाही."

"नवी केस नाही, कारण आपण बघतोय."

"हे सिद्ध कसं करणार?"

"बघणं थांबवून. पण मी थांबवणार नाही." माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फाईल परत दिली. मला अजून कळलेलं नाही की ते रागावले की त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

आणि परवा सर्जापूरच्या बाजूला गेले होते. आयटीतली नोकरी सोडलेल्या एका तरुणाने तिथे दुधाचा व्यवसाय काढलाय. गाईंना पंखे, संगीत, मोबाइलवर प्रत्येक गाईचा आलेख. वेगवेगळ्या राज्यांतून विकत आणलेल्या गाई, एकीचीही आई माहीत नसलेल्या. फाटकावर तो स्वतःच आला, हिंदीत अगदी अदबीने बोलला. "मॅडम, माझ्या गाई एकदम फिट आहेत. डेटा आहे माझ्याकडे. बाहेरच्या माणसांना आम्ही आत सोडत नाही. प्लीज, पुन्हा येऊ नका."

मी त्याला सगळं समजावलं. त्याने हात जोडले आणि आतून कडी घातली.

फाटकाबाहेर गाडीत दुधाचे कॅन चढवायचा सिमेंटचा ओटा होता. मी डबा खाली ठेवला आणि त्या ओट्यावर बसले. पाण्याची बाटली काढली, गमबूट घासून औषधाच्या पाण्यात बुडवले, पुन्हा चढवले. ऊन वर आलं. तो दोनदा खिडकीतून बघून गेला. तिसऱ्यांदा बाहेर आला आणि कुंपणापलीकडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे किती वेळ बसणार?"

"तुमची दुधाची गाडी यायची आहे ना? मी अशीच मधोमध बसलेली आहे. कॅन चढवायला जागा लागेल."

लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी सरकले नाही. गाडी येऊन माझ्यासमोर थांबली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, आणि मी त्याला कन्नडमध्येच सांगितलं की मालकाला विचार.

कडी निघाल्याचा आवाज झाला. मी डबा उचलला आणि आत गेले.